पांढरीच्या मातीचे मास्तर

आमच्या घराच्या माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. सहावी-सातवीत असल्यापासून मी तो भरत आलो होतो. गारगोटीची नखाएवढी पाती, काळ्या रेघांची तांबडी खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, अकीकाचे चार-दोन मणी आणि शिंगे मोडलेला मातीचा एक बैल. पाहुणे आले की आई कौतुकाने सांगायची, आमच्या पोराला जुन्या वस्तूंचा भारी नाद आहे. मग मी डबा काढायचा, चटईवर सगळे मांडायचे आणि पाहुण्यांनी चहा पिता पिता माना डोलवायच्या.

आमचे गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. गावाबाहेर नदीच्या वळणावर पांढरीचे टेकाड आहे. शहरी वाचकांसाठी सांगतो. जुन्या काळी गावच्या जमिनीचे दोन भाग धरत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणूस एका जागी शेकडो वर्षे राहिला, की पडलेल्या भिंती, चुलीची राख, गोठ्यातले शेण, फुटकी मडकी, हाडे यांचे थरावर थर चढतात. माती फिकट पडते आणि जागा आपोआप उंच होते. वस्ती उठून गेली तरी टेकाड राहते. ही माती शेतात खतासारखी लागू पडते आणि धाब्याच्या घरावर पसरली तर पाणी गळू देत नाही. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या लोक गाड्या भरभरून ती नेत आले. त्यात कुणाच्या मनात पाप नव्हते. माझा डबाही त्याच टेकाडातून भरलेला.

पुण्यात बी.ए.ला असताना हा डबा मी पुरातत्त्वाचा अभ्यास करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडे मोठ्या ऐटीत घेऊन गेलो. त्याने एकेक वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली. पाती चांगली आहेत, म्हणाला. मग वही उघडून त्याने विचारले, हे मिळाले कुठे. गावच्या पांढरीत, मी सांगितले. पांढरीत कुठे? वरच्या अंगाला, की नदीकडच्या कड्यात? किती खोल? हा मणी आणि हे खापर एकाच जागी होते का? बैल राखेच्या मातीत होता की पिवळ्या? मला यातले काहीएक सांगता येईना. तो रागावला नाही. त्याने फक्त वही मिटली. काही वर्षे जपलेला माझा डबा अर्ध्या तासात मुका झाला.

असे प्रश्न विचारायला शिकवणारी जी परंपरा पुण्यात रुजली, ती रुजवणारा माणूस म्हणजे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. मी त्यांना कधी भेटलो नाही. पण पुढे मी तेहेतीस वर्षे खेड्यातल्या शाळेत इतिहास शिकवला, त्यातले जे काही बरे झाले ते या न भेटलेल्या मास्तरांकडून उसने घेतलेले होते.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतला. घराणे मूळचे गुजरातचे, वकिलांचे. मूल जन्मले तेच इतके अशक्त, की ते जगेल याची घरच्यांना आशा नव्हती. पुढे ज्याने नद्यांची खोरीच्या खोरी पायी तुडवली, त्याची सुरुवात अशी. पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्क्टिक होम इन द वेदाज या ग्रंथाचा गुजराती अनुवाद पडला. त्या वयात आम्ही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत होतो. या मुलाला पुस्तक फारसे कळले नाही, पण आर्य कोण होते याचा आपण छडा लावायचा, एवढे मात्र त्याने ठरवले. आणि टिळकांनी संस्कृत आणि गणित केले होते, म्हणून आपणही तेच करायचे असेही ठरवले! मोठी माणसे लहानपणी किती सरळ हिशेब करतात.

संस्कृत झाले, मग मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास या स्पॅनिश इतिहासकाराच्या हाताखाली एम.ए. झाले. विषय घेतला नालंदा विद्यापीठाचा. तो प्रबंध १९३४ मध्ये पुस्तकरूपाने आला. मला या योगायोगाची नेहमी गंमत वाटते. ज्याला पुढे आयुष्यभर विद्यार्थी घडवायचे होते, त्याने पहिला अभ्यास केला तो हजारो विद्यार्थ्यांच्या एका गाडल्या गेलेल्या शाळेचा.

तिथून ते डॉक्टरेटसाठी लंडनला गेले. प्रबंध गुजरातच्या पुरातत्त्वावर होता, पण खरे शिक्षण झाले ते डॉर्सेट परगण्यातल्या मेडन कॅसल नावाच्या टेकडीवर. तिथे १९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर उत्खनन करीत होते. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होऊन आले आणि त्यांनी तक्षशिलेला तरुणांसाठी उत्खननाची शाळा भरवली. सांकलियांना मात्र त्यांच्या हाताखाली काम करायला मिळाले ते त्याच्या दहा वर्षे आधी, परक्या मुलखात.

व्हीलर यांची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळायचे नाही, म्हणून थोडे थांबतो. आमच्या जुन्या घराच्या भिंतीचा पोपडा एकदा निघाला, तेव्हा आत पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या चुन्याच्या कितीतरी पापुद्र्या दिसल्या. दर दिवाळीची एक. कोणत्या पापुद्र्यावर धाकट्या आत्याच्या लग्नाचा गणपती काढला आहे ते पाहिले, तर त्या लग्नाच्या आधी किती दिवाळ्या झाल्या हे मोजता येईल. जमिनीचेही तसेच. तिचे थर एकावर एक बसलेले असतात आणि ज्या थरात वस्तू मिळते, तो थर तिचे वय आणि शेजार सांगतो. व्हीलर चौकोन आखून खणत आणि दोन चौकोनांमध्ये मातीचा बांध तसाच उभा ठेवत. खाली कितीही खोल गेलात, तरी त्या बांधाच्या उभ्या अंगावर सगळे थर वाचायला शिल्लक राहत. प्रत्येक थराला क्रमांक, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. कारण उत्खनन म्हणजे असा ग्रंथ वाचणे, की पान वाचून झाले की ते फाटते. पुन्हा कुणाला ते वाचता येत नाही. म्हणून वाचणाऱ्याने लिहून ठेवले नाही, तर तो आणि गुप्तधन शोधणारा मांत्रिक यांच्यात फरक फार थोडा.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने उघडले. सरकारने १९३४ मध्ये बंद केलेले हे कॉलेज माजी विद्यार्थ्यांनी कोर्टकचेऱ्या करून परत उभे केले होते. तिथे प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक म्हणून सांकलिया आले. ज्यांचे पुस्तक वाचून हा मुलगा या वाटेला लागला, ते टिळक याच कॉलेजचे विद्यार्थी. सोबतीला संस्कृत आणि भाषाशास्त्राचे सु. मं. कत्रे आणि मानववंशशास्त्राच्या इरावती कर्वे होत्या.

आजच्या मुलांना हे सांगावे लागते, की त्या वेळी महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी सुरू होई. लेणी, शिलालेख, नाणी होती. त्याच्या मागे अंधार. शेती पहिल्यांदा कोणी केली, मडकी कोणी घडवली, गावे कोणी वसवली याचे उत्तर कुणाकडे नव्हते. उत्तर पुस्तकात नसेल, तर ते जमिनीत असणार आणि जमिनीत असेल तर चालत जाऊन पाहिले पाहिजे, इतका साधा मार्ग सांकलियांनी धरला. पण तेव्हा तो साधा नव्हता. प्राध्यापकाने ग्रंथालयात बसावे, उन्हात दगड उचलत फिरू नये अशी समजूत होती.

१९४१ पासून गुजरातच्या मोहिमा सुरू झाल्या. मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणजला वाळूच्या टेकडीत दगडी पात्यांबरोबर माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांचा अभ्यास करायला इरावतीबाई होत्या. तिथेच गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले. आजच्या त्या कोरड्या मुलखात एके काळी गेंडा फिरत होता! नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आणि महाराष्ट्रातल्या माणसाचे वय हजारांवरून लाखांत गेले. मग १९५०-५१ मध्ये नाशिक आणि संगमनेर तालुक्यातले जोर्वे. जोर्व्याची मडकी तांबडी, वर काळी नक्षी, पक्क्या भाजणीची. टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. लोहयुगाच्या आधीच्या शेतकऱ्यांची ही भांडी पुढे महाराष्ट्रभर सापडत गेली. आज सगळ्या जगातले अभ्यासक त्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. प्रवरेकाठच्या एका खेड्याचे नाव असे ग्रंथांत जाऊन बसले. माझ्या डब्यातली काळ्या रेघांची खापरे जोर्व्याचीच, हे मला त्या पुण्याच्या मुलाने सांगितले होते. एवढे एकच त्यांच्याबद्दल सांगता आले.

नेवासे हे नाव आपण ज्ञानेश्वरीमुळे ओळखतो. १९५४ मध्ये सांकलिया आणि त्यांचे सहकारी शां. भा. देव तिथल्या टेकाडावर गेले. वर मराठा आणि मुसलमानी काळ, त्याखाली रोमशी व्यापार करणारे सातवाहनांचे गाव, त्याखाली जोर्व्याच्या भांड्यांचे शेतकरी आणि जवळच प्रवरेच्या वाळूखडीत अश्मयुगाची हत्यारे. एकाच गावात माणसाचा सगळा प्रवास. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत तान्ह्या मुलाची हाडे. त्यातल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती.

ही माळ मी वर्गात दरवर्षी सांगत आलो. मणी तांब्याचे, त्यामुळे त्यांना हिरवा गंज चढला आणि त्या गंजाने आतला दोरा तीन हजार वर्षे कुजू दिला नाही. खणणाऱ्यांनी मणी काढून धुऊन पुसून चकचकीत केले असते, तर दोरा पाच मिनिटांत मातीमोल झाला असता. तो तसा झाला नाही. मणी दोऱ्यासकट प्रयोगशाळेत गेले आणि तपासणीत निघाले, की त्या दोऱ्यात रेशीम आहे आणि कापूसही. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी कुणी आपल्या गेलेल्या लेकराच्या गळ्यात रेशमी दोऱ्यात ओवलेली माळ घातली होती. हे आपल्याला ठाऊक झाले ते कुणाला सोने सापडले म्हणून नव्हे. एका माणसाने घाई केली नाही म्हणून.

आमच्याकडे गुप्तधनाच्या गोष्टी घरोघर. अमावास्येला अमक्याने तमक्या टेकाडात हंडा खणला, वर नाग बसला होता वगैरे. जमिनीत पालथे मडके लागले की लोकांच्या डोळ्यांपुढे मोहरा येतात. मडके फोडले की निघतात चार बारीक हाडे. मग ती नदीत टाकून, हात धुऊन घरी. अशी किती मडकी फुटली असतील कोण जाणे.

सांकलियांची शिकवण्याची रीत फिरण्याची होती. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला ते एखादे खोरे, एखादा जिल्हा नेमून देत. जा, चाल, बघ, नकाशावर मांड. बी. सुब्बाराव बेल्लारीला गेले, र. वि. जोशी मलप्रभेच्या खोऱ्यात, व्ही. एन. मिश्र राजस्थानात, के. पद्दय्या कर्नाटकातल्या शोरापूरकडे. यांतले बहुतेक पुढे स्वतःच नामवंत शिक्षक झाले. या रीतीचा एक फायदा असा, की नेमून दिलेला मुलूख त्या विद्यार्थ्याचा होऊन जाई. जिथे तुम्ही दोन-तीन वर्षे पायी फिरलात, तिथले टेकाड कुणी सपाट केले तर ते तुम्हाला घरच्यासारखे लागते. रक्षण करा असे फळ्यावर लिहून हे येत नाही. आणि नजरेचे म्हणाल, तर ती सवय त्यांना स्वतःला कधी सुटली नाही. १९६९ मध्ये काश्मीरला पहलगामजवळ लिद्दरच्या खोऱ्यात गेलेल्या या साठीच्या गृहस्थांना तिथल्या दगडगोट्यांतही आदिमानवाचे हत्यार दिसले.

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे अहवाल. आपल्याकडे किती उत्खनने झाली आणि त्यांचे अहवालच निघाले नाहीत, टिपणे कपाटात पिवळी पडली, खणणारे निवृत्त झाले, वारले. पान फाटले आणि वाचलेलेही गेले. सांकलियांनी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचा अहवाल काढला, नाशिक-जोर्व्याचा काढला. नेवाशाचे १९५४ ते ५६ चे खोदकाम १९६० मध्ये जाडजूड ग्रंथ होऊन बाहेर आले. शिवाय सामान्य माणसासाठी लिहिणे त्यांना कमीपणाचे वाटत नसे. म. श्री. माटे यांच्यासोबतचे महाराष्ट्रातील पुरातत्त्व हे पुस्तक १९७६ चे. माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तरांना ते उपयोगी पडले.

आता इनामगावबद्दल. हे माझ्या घराजवळचे, म्हणून जरा सैल हाताने लिहितो. १९६८ पासून डेक्कन कॉलेजने घोड नदीवरच्या इनामगावला खणायला सुरुवात केली. पुढे १९८३ पर्यंत ते चालले. सांकलियांबरोबर झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर होते. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. १९७२ च्या दुष्काळाच्या त्या दिवसांत आमच्या शाळेच्या मास्तरांनी आम्हाला ते बघायला नेले. नदीला धार नव्हती. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. आमच्या खिशात शाळेत मिळालेली सुकडी होती. टेकाडावर दोऱ्या ताणलेले चौकोन, आत उकिडवी बसलेली माणसे, हातात खुरपी आणि ब्रश. एका खड्ड्यात तांबडा मणी दिसला होता. तो कुणी उचलत नव्हते. भोवतालची माती काढून त्याला बोटभर उंच मातीच्या पाटावर तसाच ठेवला होता. एकाने फीत लावून अंतर मोजले, दुसऱ्याने कागदावर मांडले, मग फोटो आणि मग कापडी पिशवीत, चिठ्ठीसकट. आम्ही पोरे कंटाळलो. एका मण्यासाठी एवढा वेळ! त्याच आठवड्यात मी आमच्या पांढरीतून तसेच दोन मणी मूठभर मातीसकट उपसून डब्यात टाकले. बघूनही न दिसणे म्हणतात ते हे.

नंतर वाचले तेव्हा कळले, की आम्ही सुकडी खात ज्या घरांच्या कडेला उभे होतो, तेही दुष्काळानेच मोडले होते. आधीच्या काळातली तिथली घरे ऐसपैस, चौकोनी. पाण्याचा पाट होता, धान्याची साठवण होती. इसवी सनपूर्व हजाराच्या आसपास पाऊस कमी होत गेला, असे तिथल्या अभ्यासकांनी मांडले. मग घरे लहान, गोल झोपड्यांची झाली आणि इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास गाव उठले. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला चाळिशीचा पुरुष मिळाला, बहुधा गावचा मुख्य. इतर मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले. ती उठून जाऊ नयेत म्हणून असावे. आणि लहान मुले तशीच, मडक्यांत, घराच्या जमिनीखाली. मी आजीला हे सांगितले. शिकलेल्यांना कोडे वाटत होते, मुले घरातच का पुरली. आजीची स्वतःची दोन लेकरे लहानपणी गेलेली. ती बराच वेळ बोलली नाही. मग इतकेच म्हणाली, की आईला लेकरू नजरेआड नको असते.

सांकलियांचे सगळेच खरे ठरले असे नाही. नर्मदेकाठच्या नावडातोडीला मिळालेल्या काही भांड्यांचे घाट इराणमधल्या भांड्यांशी जुळतात, म्हणून ते लोक तिकडून आले असावेत असे त्यांना वाटे. पंधराव्या वर्षीचा आर्यांचा प्रश्न मनातून गेला नव्हता तर! ते मत पुढच्या अभ्यासकांनी फारसे मानले नाही. १९७३ मध्ये त्यांनी रामायणावर पुस्तक लिहून लंका मध्य भारतात असावी असे मांडले, तेव्हा मोठे वादळ उठले. मलाही ते पटले नाही. मातीतल्या पुराव्याबाबत इतका काटेकोर माणूस काव्याला भूगोल विचारायला गेला, तिथे त्याचे पाय जमिनीवरून थोडे सुटले असे माझे मत आहे. पण वस्तू कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी मिळाली हे त्यांनी नोंदून छापलेले असल्यामुळे त्यांचे म्हणणे खोडायलाही पुरावा त्यांच्याच ग्रंथात मिळतो. हा प्रामाणिकपणा थोडाथोडका नाही.

नोंद नसली की काय होते, याचे ठळक उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार मूर्ती लागल्या. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. भंगारात वितळल्या नाहीत हे आपले नशीब. पण त्या कोणत्या थरात होत्या, हे पाहायला तेव्हा जाणकार कुणी नव्हता. पुढे १९७५ ते ७९ मध्ये तिथे रीतसर उत्खनन झाले, तरी त्या मूर्तींच्या वयाचा वाद पुरता मिटला नाही. काही जण त्या हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात, काहींना त्यांतल्या धातूवरून शंका आहे. माझ्या डब्याचेच मोठे भावंड. त्या शेतकऱ्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते, हे त्याला कोणत्या शाळेने शिकवले होते?

मी १९८५ मध्ये शाळेत लागलो. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास नववीचा वर्ग पांढरीवर नेऊ लागलो. नियम एकच होता, पिशवी आणायची नाही, वही आणायची. सुतळीने मीटरभराचा चौकोन आखायचा, त्यात वर पडलेली खापरे मोजायची, रंग लिहायचे, चित्र काढायचे आणि सगळे होते तिथे ठेवून यायचे. खणायचे तर नावही नाही. पहिल्या वर्षी मुले नाराज झाली. हाताला मणी लागला आणि घरी न्यायचा नाही, हे चौदा वर्षांच्या पोराला सांगून पाहा! पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोठ्या वर्गातली मुलेच धाकट्यांवर डोळे वटारू लागली.

१९९९ च्या उन्हाळ्यात, शाळेला सुटी असताना, रस्त्याच्या भरावासाठी टेकाडाला जेसीबी लागला. मी गावी नव्हतो. दहावीतल्या दोन मुली आणि एक मुलगा तलाठ्याकडे गेले, तिथून तहसिलीत. हातात चौदा वर्षांच्या वह्यांवरून मी काढून ठेवलेल्या नकाशाची झेरॉक्स. या जागेला काही आहे हे म्हणणे सोपे असते, पण कोणत्या कोपऱ्यात काय आहे हे कागदावर दाखवले की समोरच्या माणसाला चष्मा लावावा लागतो. चौथ्या दिवशी यंत्र थांबले. तोवर नदीकडची निम्मी बाजू गेली होती. मी परत आलो तेव्हा उभ्या कापलेल्या कड्यात तीन राखेचे थर, एक चूल आणि फुटलेल्या दोन मडक्यांची तोंडे दिसत होती. मडकी समोरासमोर होती. त्यातले काय कुठे गेले, ते त्या रस्त्याखाली आहे. मी आजही तिथून जाताना सायकल हळू करतो.

गेलेल्या निम्म्या भागाचे आता काही उरले असेल, तर त्या वह्या. वेड्यावाकड्या अक्षरांतल्या, शाई फुटलेल्या. त्यांत चुकाही आहेत. एका पठ्ठ्याने नांगराच्या फाळाचा गंजलेला तुकडा शिवकालीन तलवार म्हणून नोंदवला आहे. पण कुठे पडला होता ते मात्र फीत लावून लिहिले आहे.

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले, पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळाले, १९७८ मध्ये इंग्रजीतले आत्मचरित्र आले. काम निवृत्त झाले नाही. इनामगावचा अहवाल १९८८ मध्ये निघाला, त्यावर ढवळीकर आणि अन्सारी यांच्यासोबत त्यांचेही नाव आहे. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात ते गेले. जगेल की नाही असे वाटणारे मूल ऐंशी वर्षे जगले. तो अहवाल मी पुढे एका ग्रंथालयात बसून पाहिला. पानामागून पान मण्यांची चित्रे, प्रत्येकाखाली खड्डा, थर, क्रमांक. आम्ही कंटाळून पाहिलेला तो तांबडा मणी यातला कोणता, हे शोधायचा मी वेडा प्रयत्न केला. असणार त्यातच कुठेतरी.

निवृत्त होताना, २०१८ मध्ये, मी माझा डबा शाळेच्या कपाटात ठेवायला दिला. नववीतल्या एका मुलीने प्रत्येक वस्तूची चिठ्ठी करायला घेतली. आमच्या पद्धतीने चार रकाने पाडले होते: वस्तू, ठिकाण, थर, सोबत काय. बैलापाशी ती अडली. सर, ठिकाण काय लिहू, तिने विचारले. मी गावचे नाव सांगितले. तिने ते लिहिले आणि पेन तसेच धरून पुढच्या दोन रकान्यांसाठी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला ते कोरे ठेवायला सांगितले.